आगळ पाजलेला दगड

भक्तीच्या खानावळीत स्वयंपाकाचा ओटा दुसऱ्यांदा घातला जात होता. पहिल्या वेळी चुकली होती ती तिची आई, नर्मदा. "आपल्या मातीतलोच चिरो बरो," असं तिनंच ठासून सांगितलं होतं. जांभ्याच्या त्या ओट्यानं मोरी माशाचं, बांगड्याचं पाणी असं काही पिऊन घेतलं, की कितीही घासा, वास जाईना. दिवाळीतले पाहुणे अर्ध्या ताटावरून उठले.

खानावळ चार दिवसांनी पुन्हा उघडायची होती. यंदाही बाहेरचं ग्रॅनाइट नको, हा हट्ट नर्मदेचाच. पण या वेळी ती ठासून बोलत नव्हती.

पाथरवट दत्ताराम खारेपाटणकडच्या काळ्या दगडाची लादी घेऊन आला. पासष्टीचा माणूस, एक बोट छिन्नीनं आखूड झालेलं. जन्मभर पाटे-वरवंटे घडवले. मिक्सर आले, गिऱ्हाईक गेलं, तरी त्यानं दगड सोडला नाही. ही लादी त्यानं बारा दिवस खपून घडवली होती.

"चेडवा, आगळ हाड गो," तो भक्तीला म्हणाला. ती आतून बाटली घेऊन आली.

"सोलकढी करतास काय?"

"दगडाक पाजूचा आसा. चिऱ्याक काय पचता ता तुज्या आवशीन इचारल्यान नाय."

नर्मदेनं तो टोमणा गिळला.

कोकमाचं ते आंबट-खारं आगळ त्यानं लादीभर ओतलं, वर ओलं फडकं पसरलं आणि पडवीत टेकून बसला. दुपार सरेना. नर्मदेला जेवण गेलं नाही.

"आये, हो दगड पण फसलो तर?" भक्तीनं विचारलं. नर्मदा फडक्यावर पाणी शिंपडायला उठली.

उन्हं कलल्यावर दत्तारामानं फडकं काढून दगड धुतला. काळा रंग होता तसाच. नर्मदेनं श्वास सोडला, तोच त्याचं आखूड बोट डाव्या टोकाला थांबलं. केसाएवढी पांढरी शीर खरखरीत झाली होती.

"हीका आगळ खाता. उद्या हंयसूनच फुटात."

"एवढीशी तर आसा," नर्मदा घाईनं म्हणाली. "वर मिठाचो डबो ठेवतंय. कोणाक दिसतली?"

"वैनी, पाटो फुटलो तर लोक पाट्याक शिव्या घालनत नाय, माका घालतत. कापूकच होयो. ओटो वीतभर आखूड होतलो."

भक्ती आईकडे बघत होती. पुन्हा चुकले म्हणायचं, तेही लेकीसमोर! नर्मदा चुलीकडे गेली, कोळसा घेऊन आली आणि शिरेच्या चार बोटं अलीकडे तिनं जाड रेघ ओढली.

"हंयसून काप."

दत्तारामानं रेघेवर छिन्नी लावून घाव घातले. तुकडा रेघेवरच तुटला. कापलेल्या कडेला पांढरं काही दिसत नव्हतं. तरी भक्तीनं आगळाची बाटली उचलली आणि आईच्या हातात दिली.

"आता तू इचार दगडाक."

नर्मदेनं नव्या कडेवर धार धरली, फडकं पसरलं आणि दगडाशेजारीच बसून राहिली.