पोरगी म्हणून आणलेली

मलकापुरातले माझे एक शेजारी सरकीचे व्यापारी होते. कोणाशीही नाते लावून, त्याचा हात हातात घेऊन बोलत. मानमोडीच्या तापाच्या साथीत अनाथाश्रमाने सोळा वर्षांच्या मुलींना नियमाप्रमाणे बाहेर काढले. त्यांतली एक त्यांनी घरी आणली. “नोकर नाही भाऊ, पोरगी म्हणून आणली,” ते सांगत. गावाने वाहवा केली.

तिने घरातल्या सगळ्या तापकऱ्यांची सेवा केली. ते बरे होऊन उठले, मग ती तापाने पडली. तेव्हा या शेजाऱ्यांनीच तिला छकड्यातून आश्रमात नेले.

“वय झालं, आता घेता येत नाही,” व्यवस्थापक म्हणाला आणि त्याने दार लावून घेतले.

“आमची कायची? तुमचीच हाय ते!” म्हणत शेजारी तिला बंद दारासमोरच्या ओट्यावर ठेवून परतले.

संध्याकाळी मी विचारले, “पोरगी दिसत नाही?”

त्यांनी माझा हात हातात घेतला. “तिले माहेरी पोचवलं, भाऊ.”