काकांचा मेन स्विच आणि तिचा हिरवा फोटो

मित्रांनो, आज माझं टाळकं सटकलंय.

कर्जतला काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात कलर प्रिंटर मी सांभाळतो. तो त्याच्या बटणानेच बंद करावा लागतो, तरच शाई सोडणारं हेड झाकणाखाली जाऊन बसतं. नाहीतर उघडं राहून शाई वाळते. पण काका संध्याकाळी दिवाबत्ती झाली की दुकान बंद करताना सरळ मेन स्विच पाडतात. मी रोज ओरडतो, तर काका म्हणतात,

“कॉलेज अर्धं सोडलंस नि मला शिकवतोस काय रं?”

आज भिवपुरीची ती आली, कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची तीच. मुलाखतीला जायचं होतं, फोटो लगेच हवा होता. गुलाबी शाई येईचना. तिचा चेहरा हिरवागार, वर पांढरे पट्टे. हेड दोनदा साफ केलं, तरी तेच.

“मी काय पाल हाय का रं?” ती हसली आणि समोरच्या दुकानात गेली.

काका म्हणाले, “गेलं ना गिऱ्हाईक?”

“गिऱ्हाईक नव्हतं ते, काका!”

आणि आत्ता दुकान बंद करताना त्यांनी पुन्हा मेन स्विचच पाडला!

तुमच्या घरच्या मोठ्यांना तुम्ही कसं पटवता, सांगा. आणि तो हिरवा फोटो माझ्याच्यानं फेकवत नाहीये, त्याचं काय करू?