चैत्रगौरीची वाटली डाळ

“परत बाजूला बसली? महिना तरी झाला का तिला?” काकू स्वयंपाकघरात सुनेला विचारत होत्या. आवाज जरा चढा होता, गॅलरीत मला ऐकू यावा म्हणून.

“तिलाच विचारा,” सून म्हणाली.

“विचारून काय उपयोग? मॅडम बोलतात कुठे? नुसत्या बघत राहतात.”

मी चटईवर, गुडघ्यांवर इतिहासाचं पुस्तक घेऊन बसले होते.

बाबांची नागपूरला बदली झाली तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष उरलं होतं. कलकत्त्यात रोज काहीतरी पेटत होतं, त्यामुळे हॉस्टेलला त्यांचा साफ नकार. मराठी घरात राहणार असशील तरच मागे राहा, असं ठरलं आणि बालीगंजमधल्या या घरी मी पेइंग गेस्ट म्हणून आले. काकूंचा जन्म कलकत्त्यातलाच. खाली भाजीवाल्याशी त्या अस्सल बंगालीत भांडायच्या आणि वर आल्या की पुण्यातसुद्धा कुणी पाळत नसेल असं सोवळं पाळायच्या. हळूहळू संध्याकाळच्या पोळ्या, वाटणं, देवाची भांडी माझ्याकडे आली. “अगदी घरच्यासारखी राहते,” असं त्या बाबांना कळवायच्या.

पाळी आली की मात्र गॅलरीतली चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. कशालाही शिवायचं नाही. कॉलेजला जायला हरकत नव्हती. ट्राममध्ये विटाळ होत नसावा. सुरुवातीला मला फार अपमान वाटला. मग लक्षात आलं की त्या दिवसांत मला कुणी हाक मारत नाही, सलग वाचून होतं. मला ते आवडतं, हे काकूंच्याही लक्षात आलं. ते त्यांना खपलं नाही.

आता परीक्षा तोंडावर होती. या खेपेला पाळी लवकर आली, तीही नेमकी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या सकाळी.

काकू गॅलरीच्या दारात आल्या.

“ऊठ. डाळ वाटायची आहे.”

“काकू, मला...”

“पुरे. कॉन्व्हेंटात हेच शिकवतात वाटतं? वाचायचं असलं की बाजूला बसायचं. डोक्यावरून पाणी घे आणि पाट्याशी ये. नाहीतर आजच तुझ्या बाबांना पत्र टाकते, मुलीला घेऊन जा म्हणून.”

पत्र गेलं असतं तर बाबा खरंच आले असते, आणि परीक्षा तिथेच संपली असती. मराठीत बोलायचं म्हटलं की माझी वाक्यं आधी इंग्रजीत जुळायची. ती जुळेपर्यंत काकू आत गेल्या होत्या.

मी न्हाले. डाळ वाटली, कैरी किसली, पन्हं ढवळलं. गौरीपुढे नैवेद्याची वाटीही काकूंनी मलाच ठेवायला लावली. “चांगला हात चालतोय की,” त्या म्हणाल्या. पोटात कळा येत होत्या. पाट्याशी बसल्या बसल्या मी एक वाक्य जुळवून ठेवलं.

संध्याकाळी ओळखीच्या मराठी बायका आल्या. अत्तर लावून झालं, ओल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. डाळ सगळ्यांनी पुन्हा मागून घेतली.

“हिने वाटली,” काकू माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. “दिसते गरीब, पण भारी आहे हं. सकाळी बाजूला बसल्याचं ढोंग करून गॅलरीत पुस्तक वाचत होती. मी बरोबर पकडलं.”

बायका हसल्या. एकीने माझा गाल ओढला. “काय गं लबाडे?”

“आता कशी गप्प,” सून म्हणाली.

“गप्प बसेल नाहीतर काय करेल?” काकूंनी डाळीचा आणखी एक घास घेतला. “सांग ना सगळ्यांना. खोटं बोलायला कुणी शिकवलं, आईने की कॉलेजने?”

आईचं नाव निघालं नसतं तर मी कदाचित तशीच बघत राहिले असते. बोलले तर पत्र जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. हातातला पन्ह्याचा ट्रे मी खाली ठेवला.

“ढोंग नव्हतं, काकू,” मी म्हणाले. “आज माझा पहिला दिवस आहे.”