मिळालं की लिहायचं

जाधव मॅडम फोनवर बोलता बोलताच लिहायच्या, फोन ठेवल्यावर नाही. रिसीव्हर कान आणि खांद्यामध्ये दाबलेला, हातात पेन, समोर लाल पुठ्ठ्याची वही. हाटकेश औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या चार टेबलांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात त्या सगळ्यांत सीनियर, तरी आम्ही त्यावरून त्यांची भरपूर थट्टा केली. त्या शांतपणे म्हणायच्या, "मिळालं की लिहायचं. मग लिहीन म्हणणाऱ्यांचं काय होतं, ते मी पाहिलंय."

मी तिथे नवी होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. शेजारच्या गाळ्यात हॉस्पिटलच्या खाटा बनवणाऱ्या शेठसाठी टेंडर भरायचा प्रोग्राम मी लिहिला होता. पासवर्ड देऊन आत गेलं की वेबसाइट प्रोग्रामला एक कुकी देते, म्हणजे ओळखीची खूण. ती पुन्हा दाखवली की पासवर्ड मागत नाही. त्या साइटवर दिवसातून तीनदाच लॉगिन करता यायचं, म्हणून ही खूण फाइलमध्ये जपून ठेवायची सोयही मी केली होती.

टेंडरची मुदत शेवटच्या दिवशी चारला संपत होती. दुपारी लाइट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. दोन लॉगिन वाया गेली, कारण दोन्ही वेळा माझी फाइल रिकामीच निघाली. "बेटा, ये टेंडर गया तो पूरा सीझन कारीगर बैठे रहेंगे," शेठ म्हणाले. मी धावत ऑफिसात जाऊन मॅडमना घेऊन आले.

त्यांनी कोड वरपासून खालपर्यंत वाचला.

"कुकी फाइलमध्ये लिहितेस कधी?"

"प्रोग्राम बंद होताना."

"अगं, लाइट काय तुला सांगून जाते?"

चूक माझीच आहे, असं मी तिथल्या तिथे शेठना सांगितलं आणि ती ओळ उचलून लॉगिनच्या लगेच खाली आणली. तिसरं लॉगिन केलं आणि पाचच मिनिटांत लाइट पुन्हा गेली. आली ती साडेतीनला. प्रोग्राम सुरू केला, तर पासवर्ड न मागता तो थेट आत शिरला. टेंडर वेळेत गेलं. शेठनी मागवलेला चहा मॅडमनी घेतला, वहीत काहीतरी खरडलं आणि आपल्या कामाला निघून गेल्या. मला बरंवाईट काहीच बोलल्या नाहीत.

पुढची चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली तयार झाले. आज कुठलंही काम मी बेधडक अंगावर घेते, ते त्यांच्यामुळे. हे त्यांना सांगायचं होतं. नोकरी सोडून त्या गावी, राजापूरकडे, राहायला जाणार होत्या, तेव्हा निरोपाच्या दिवशीच छानपैकी बोलू, असं मी ठरवून टाकलं. त्याच्या आठवडाभर आधी मॅडम हृदयविकाराने गेल्या. मला स्वतःचा अतिशय राग आला.

त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. त्या दुपारचं पान मी शोधून काढलं. लाइट गेल्या-आल्याच्या वेळा, आणि खाली बारीक अक्षरात: "फाइलचं काम झालं. चूक पोरीने लगेच कबूल केली. माझ्यामागे हीच ऑफिस सांभाळेल."

त्या ओळीवर शेठच्या चहाच्या कपाचा गोल डाग होता.