हप्तेसाहेब

हप्तेसाहेबांनी आयुष्यात कुणाकडून चहाच्या कपापलीकडे काही घेतलं नाही, आणि तरी सगळं गाव त्यांना हप्तेसाहेब म्हणायचं. ते आमच्या नगरपालिकेचे लेखापाल होते. नगर जिल्ह्यातली ही नगरपालिका कोणती ते मी सांगत नाही. आमच्या गल्लीबोळांतले खड्डे आणि गावाला वळसा घालून जाणारा झोकदार बायपास ज्याने पाहिलाय, तो आपोआप ओळखेल. साहेबांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते पगारपत्रकापुरतं उरलं होतं. कुणीही कसलंही बिल घेऊन टेबलाशी आलं, की चष्मा कपाळावर सरकवून ते दोनच शब्द बोलायचे, "आधी हप्ता." ठेकेदार असो, दिव्यांचे बल्ब पुरवणारा असो, नाही तर अध्यक्षांचा मेव्हणा असो, उत्तर तेच. मी त्यांच्या हाताखाली कारकून म्हणून लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी हे ऐकून मीही दचकलो होतो.

हा हप्ता बायपासचा होता. पूर्वी कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या आमच्या भर पेठेतून जायच्या. हंगामात शाळा सुटायच्या वेळी आयांचा जीव टांगणीला लागायचा. शेवगावहून येणारी एस.टी. चौकात अडकली, की माणसं खाली उतरून पिशव्या सावरत चालतच स्टँड गाठायची. शेवटी सरकारने बायपास मंजूर केला. बहुतेक पैसे सरकारचे, पण काही वाटा नगरपालिकेने घालायचा. या वाट्याला कागदोपत्री 'स्वहिस्सा' म्हणतात. आमच्या तिजोरीत तर खडखडाट. मग हा स्वहिस्सा भरायला मुंबईच्या एका वित्तसंस्थेकडून कर्ज काढलं आणि गावाची घरपट्टी नि सरकारकडून येणारं अनुदान तारण दिलं. "म्हणायचं 'स्व' आणि आणायचं दुसऱ्याकडून," साहेब म्हणायचे. "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं आपली जुनी माणसं सांगून गेली. त्यांनी नगरपालिकेत नोकरी केली नव्हती, नाही तर रस्ता पाहावा करून, असंही म्हणाली असती."

त्यांच्या नावाचा घोळ एकदा चांगलाच रंगला. मिरजगावकडचा एक माणूस टेम्पोत डाळिंबं घालून आमच्या बाजारात विकायला आला होता. गाडी कुठे लावू, कुणाला भेटू, असं त्याने चहावाल्याला विचारलं, आणि चहावाल्याने त्याला सरळ हप्तेसाहेबांकडे धाडलं. गडी आत आला, उपरण्याच्या टोकाची गाठ सोडली आणि घडी घातलेल्या नोटा टेबलावर ठेवून म्हणाला, "सायेब, ह्यो तुमचा हप्ता. कमी असंल तर आत्ताच सांगा, पन उद्या गाडी उठवू नका." सगळ्या ऑफिसने माना वर केल्या. साहेबांचे कान लाल झालेले मला माझ्या टेबलावरून दिसत होते.

"कुणी सांगितलं हे तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"भाईर समदेच हप्तेसायेब म्हन्त्यात की. मला वाटलं, उघड नावच हाय, मंग लाजायचं कशापायी?"

साहेब इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांनी पैसे परत केले, त्याला समोर बसवून चहा पाजला आणि बायपासचं कर्ज काय, हप्ता काय, ते सगळं समजावून सांगितलं. त्याने मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजी माझ्या टेम्पोवानीच की! गाडी दारात, पन कागद फायनान्सवाल्याकडं. नगरपालिका बी टेम्पोवालीच हाय म्हना." हे वाक्य साहेब पुढे कित्येक वर्षं नव्या मुख्याधिकाऱ्यांना ऐकवायचे. नवे मुख्याधिकारी हसायचे नाहीत, पण साहेबांना त्याचं काही वाटायचं नाही.

कर्जाला ते नावं ठेवत नसत. विरोधी बाजूच्या एका तरुण नगरसेवकाने सभेत 'गाव गहाण टाकलं' असा आरडाओरडा केला, तेव्हा साहेबांनी त्याला बाहेर व्हरांड्यात गाठलं. "हे बघ, हा रस्ता तुझ्या नातवाच्याही पायाखाली राहणार आहे. मग सगळा पैसा आजोबानं एकट्यानं का भरायचा? थोडा नातवालाही भरू दे. फक्त आजोबानं मधे हप्ते बुडवून चैन करायची नाही, एवढंच." नगरसेवकाला ते पटलं की नाही कोण जाणे. मला पटलं होतं आणि अजूनही पटतं.

बायपासचं काम चालू असताना साहेब रोज संध्याकाळी आपल्या बायकोला, आमच्या काकूंना, घेऊन तिकडे फिरायला जायचे. लोक आपल्या घराचं बांधकाम बघायला जातात, तसं. दोघांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे संध्याकाळ मोकळीच असायची. खडी पडली होती तोवर काकू चालत होत्या. डांबर पडून रस्ता गुळगुळीत झाला आणि त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. मग रिक्षाने ओढ्यावरच्या मोरीपर्यंत जायचं, काकूंनी कठड्यावर बसायचं, साहेबांनी थोडं पुढे चालून परत यायचं, असं सुरू झालं. "तुमच्या रस्त्यानंच माझे गुडघे खाल्ले," काकू म्हणायच्या. नगरच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते. खर्च मोठा होता. साहेब म्हणाले, "निवृत्तीचे पैसे हातात आले, की पहिलं काम हेच. मग तुला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवतो." ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना हे ठाऊक होतं.

निवडणूक जवळ आली, तसे अध्यक्षांना वॉर्डावॉर्डांत फरशा बसवायचे डोहाळे लागले. बायपासच्या हप्त्याचे पैसे तिकडे वळवले गेले. मुंबईहून दंडव्याजाचं पत्र आलं. त्या दिवशी साहेबांनी डबा उघडला नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत त्यांनी एक विषय घातला: यापुढे हप्ता नगरपालिकेने भरायचाच नाही, सरकारनेच तो अनुदानातून वरच्यावर कापून घ्यावा आणि उरलेलं आपल्याला पाठवावं. आता आमच्या सभेची रीत अशी, की कारकून विषयाची पहिली ओळ वाचतो न वाचतो, तोच मागून कुणीतरी "मंजूर" म्हणतं आणि मग सगळेच "मंजूर, मंजूर" करतात. सगळ्यांचं लक्ष बाहेर तळल्या जाणाऱ्या वड्यांकडे असतं. तो विषय मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, चांगला मोठ्याने वाचला. तरी स्वतःचे हात बांधून घेणारा तो ठराव मंडळींनी वड्यांच्या नादात मंजूर केला. पुढचं अनुदान कमी आलं, तेव्हा अध्यक्ष तरातरा आत आले.

"अहो, हा उद्योग कुणी केला?"

"आपणच केलात, अध्यक्षसाहेब. खाली सही आहे," हप्तेसाहेब म्हणाले.

त्यानंतर हप्त्याला कुणाचाच हात पोचेना. मला तेव्हा साहेबांचा फार अभिमान वाटला होता. पण जे उरून यायचं ते थोडंच असायचं, आणि रांगेत जो शेवटी उभा त्याच्या वाट्याला फारसं काही यायचं नाही. झाडूवाल्या बायकांचे पगार लांबायचे. त्यांची मुकादम गंगूबाई एकदा साहेबांच्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सायेब, तुमचा रस्ता लई चकाचक हाय. त्यो झाडतो बी आमीच. पन आमच्या चुलीचं काय करायचं, ते बी सांगा की." ती गेल्यावर साहेबांनी पगाराचं रजिस्टर उघडलं आणि तसंच मिटलं. आणि निवृत्त माणसं तर रांगेत गंगूबाईच्याही मागे होती.

साहेब निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं, अध्यक्षांनी 'नगरपालिकेचा आधारवड' वगैरे भाषण केलं. त्यांच्या खुर्चीत मी बसलो. पुढच्या महिन्यापासून साहेब समोरच्या खुर्चीवर येऊन बसायला लागले. ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे तुंबलेल्या लोकांची यादी त्यांच्या अगोदरच लांबलचक होती. पैसे उरतील तसे एकेकाला मिळत. आले की ते आधी बाकीच्यांची चौकशी करायचे. अमक्या शिपायाचे झाले का, तमक्या नर्सबाईंचे झाले का. स्वतःचं नाव शेवटी, तेही उठता उठता.

एक दिवस आत आल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.

"ढाकणे, एक विचारू? या महिन्यापुरता हप्ता थांबवता येईल का रे? दंडव्याज पडेल ते मी माझ्या खिशातून भरतो. हिला आता संडासला न्यायचं तरी दोघं लागतात. शेजारणीला हाक मारावी लागते."

उत्तरही त्यांनीच दिलं. "नाही येणार. मीच बांधून ठेवलंय."

"पतसंस्थेतून कर्ज काढू, साहेब. जामीन मी राहतो."

"गावाला नातवंडं असतात, ढाकणे. गावानं कर्ज काढलं तर चालतं. आमच्या मागे कोण आहे फेडायला?" ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "मी विचारलं होतं, हे कुणाला सांगू नकोस." आज सांगतोय, कारण त्या दिवशी ते मला जितके जवळचे वाटले, तितके एवढ्या वर्षांच्या नोकरीत कधी वाटले नव्हते. बायकोसाठी स्वतःचाच नियम मोडू बघणारा माणूस होता तो, आणि त्याला तो मोडता आला नाही.

आशेला जागा एकच होती. बायपासचं कर्ज फिटत आलं होतं. शेवटचा हप्ता कापला गेला, त्या महिन्यात साहेब पेढे घेऊन आले. असा प्रसंग साजरा करणारा आमच्या गावात तो एकटाच माणूस असणार. मुख्याधिकाऱ्यांनी पेढा खाल्ला आणि मुलगा झाला का नातू, असं विचारलं. "आता अनुदान अख्खं येईल," साहेब मला म्हणाले. "माझा नंबर लागेल ना रे?" मी हिशेब बघून लागेल म्हणालो, आणि ते खरंही होतं. त्यांनी काकूंना नगरला नेऊन तपासण्या करून घेतल्या. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीखही दिली.

मग सर्वसाधारण सभा झाली. बायपासचा पुढचा टप्पा आणि त्याच्या कडेला नवं बसस्थानक, असा विषय होता. सरकारचा वाटा ठरला होता आणि नगरपालिकेच्या स्वहिश्शासाठी नवं कर्ज काढायचं होतं. आमच्या नव्या कारकुनाने जुन्या ठरावाचा मजकूर जसाच्या तसा उतरवून काढला होता, त्यामुळे वरच्यावर कापून घेण्याचं कलमही त्यात आलं होतं, म्हणजे अनुदान पुन्हा कापूनच येणार होतं. ते कलम माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण ते काढा म्हणायला माझ्याकडे कारण काय होतं? ते बरोबरच होतं. मागून "मंजूर" आलं आणि सगळे वड्यांकडे गेले.

मी संध्याकाळी साहेबांच्या घरी जाऊन सांगितलं. काकू आतल्या खोलीत पडून होत्या. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रस्ता कुठून काढणार?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. तिकडून पाहिजेच होता. घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी जनावरांच्या गाड्यांनी तो कोपरा तुंबतो." त्यांनी डॉक्टरांना फोन करून तारीख पुढे ढकलली. पुढची कधीची, ते डॉक्टरांनी विचारलं असणार. साहेब फोनवर "कळवतो" म्हणाले.

त्या थंडीत एका सकाळी अंघोळीला पाणी काढता काढता ते बसले, ते उठलेच नाहीत. बायपासने अमरधामच्या स्मशानात पोचायला वेळ लागला नाही. गंगूबाई आली होती. तिच्या बायकांनी सकाळीच तेवढा रस्ता झाडून ठेवला होता.

साहेबांचे पैसे यादीच्या क्रमाने आले, कुणी मागे ढकललं नाही की पुढे ओढलं नाही. काकूंच्या नावाचा चेक घेऊन मी स्वतः गेलो. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मी म्हणालो, "काकू, आता गुडघ्यांचं करून टाकू. नगरला मी येतो तुमच्याबरोबर, रजा टाकतो."

त्यांनी चेक हातात घेतला, लांब धरून नाव वाचलं आणि मांडीवर ठेवला.

"आता गुडघे करून जायचंय कुठं, भाऊ? ते म्हणायचे, तुला चालवतो. चालवणारा राहिला का आता?"

"बस, चहा टाकते," असं म्हणून त्या खुर्चीचे हात धरून उठायला लागल्या. एकदा जोर केला, थांबल्या. परत जोर केला. चेक मांडीवरून खाली पडला, तो त्यांना वाकून उचलता येईना. मी तो उचलून देवापुढे ठेवला, त्यांना खांद्याला धरून परत खुर्चीत बसवलं आणि आत जाऊन गॅस पेटवला. साखर कुठल्या डब्यात आहे, ते काकू बाहेरून सांगत होत्या.