धूर धरणारा भाऊ

परळीच्या वीज केंद्राच्या राखेच्या तळ्याजवळ माझ्या थोरल्या बहिणीचं घर. तिथं वारा बघून धुणं वाळत घालतात. ताटं पालथी ठेवतात आणि वाढण्याआधी पदरानं पुसतात.

माझं काम तंत्रज्ञान तपासायचं. विजेच्या केंद्रांच्या धुरातला कार्बन वायू वेगळा काढून जमिनीत पुरता येईल का, पाण्यापासून हायड्रोजन काढून कोळशाची सुट्टी करता येईल का, हे पाहायचं. खरं सांगायचं तर वायू पकडायलाच केंद्राची बरीच वीज खर्ची पडते. खालच्या काळ्या पाषाणात तो किती मावेल, कुणीच छातीठोक सांगत नाही. हायड्रोजनला पाणी लागतं, आणि आमच्याकडचं पाणी सगळ्यांना ठाऊक आहे. अहवालात मी लिहिलं, ‘सविस्तर अभ्यासाची गरज’. नोकरी सांभाळणारं वाक्य.

पाहणीला गेलो होतो तेव्हा बहिणीनं शेजारणींसमोर विचारलं, “धूर धरणार हायस म्हणं तू?”

“हो,” म्हणालो. पकडायचा तो वायू डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, राखेचा त्याच्याशी संबंध नाही, हे तोंडापर्यंत आलं होतं. पण ती शेजारणींकडे बघून हसली, आणि मी चहा घेतला.

भाचा माजलगावच्या साखर कारखान्यात आहे. दाजींचा खोकला वाढला तसं त्यानं तिकडं घर पाहिलं. बहीण हलेना. दोन उन्हाळे गेले. आता दाजी जिना चढताना मधेच बसतात.

यंदा भाऊबीजेला ताट सजलं होतं. भाचा म्हणाला, “मामा, तुमीच सांगा हिला. म्हणती धूर बंद होणार, कावून घर सोडू?”

मी पाटावर बसलो होतो. मान खाली घालून सांगितलं. वायू पकडायच्या त्या यंत्रानं राख थांबणार नाही. ते यंत्र इथं येईल, असंही वाटत नाही. तेव्हाही वाटत नव्हतं.

निरांजन तिच्या हातात तसंच राहिलं. “मंग तवा कावून न्हाई बोललास?”

“तू हसली होतीस,” म्हणालो. याहून चांगलं कारण माझ्याकडे नव्हतं. अजून नाही.

दाजी खोकत खोकत म्हणाले, “मेव्हणा धूर धराया गेलता रं. मूठ उघडून दाव म्हणावं.” कुणी हसलं नाही. तेच जरा हसले, आणि त्या हसण्यानं त्यांना पुन्हा खोकला आला. भाच्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

मग तिनं ओवाळलं. टिळा लावताना तिचं बोट कपाळावर नेहमीपेक्षा जोरात टेकलं. लेकाला म्हणाली, “ते घर हाय का अजून?”

“ते गेलं. दुसरं बघतो.”

“उद्याच बघ.” माझं ताट पदरानं पुसून तिनं पुढं ठेवलं. “फुडल्या भाऊबीजेला माजलगावला ये. तिथं मी काय इचारलं तर नीट सांग.”

मी जेवलो. दाजींनी अर्धी पोळी टाकली.