‘आ करा’ म्हणणारे आमदार

अमरावती जिल्ह्यातल्या माणसांची तोंडं आतून जितकी आमच्या साडूंनी पाहिली आहेत, तितकी जिल्ह्यातल्या दातांच्या सगळ्या डॉक्टरांनी मिळूनही पाहिली नसतील. आणि आमचे साडू डॉक्टर नव्हेत, आमदार होते. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. शिक्षण बी.ए., धंदा शेती, आणि वेड एकच, कॅन्सरचं. सरकारनं पैसा खर्च करून लोकांना वेळेत तपासावं आणि हा रोग मुळात का होतो याचा शोध घ्यावा, यापलीकडे त्यांना राजकारणात काही नको होतं. बाकीचे आमदार रस्ते मागत, पूल मागत. हे तपासणीची गाडी मागत. गावची मंडळी सभामंडप मागायला आली की हे त्यांना ओसरीवर ओळीनं बसवत, खिशातली बॅटरी काढत आणि म्हणत, "आ करा." ज्याची त्याची तीन बोटं उभी धरून तोंडात गेली पाहिजेत, ही परीक्षा; नाही गेली तर रोगाची शंका. एका सरपंचाची दोनच गेली. "मंडप कायले पायजे बे तुले? तुयी शोकसभा घ्याले?" असं त्याला भर ओसरीवर विचारून हे त्याला स्वतःच्या गाडीनं दवाखान्यात घेऊन गेले. सभामंडप अर्थातच राहिला. सरपंचही राहिला, हे मात्र सांगायला हवं.

आमच्या वऱ्हाडात ही परीक्षा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्याकडे चहाच्या आधी पुढं येतो. अनोळखी माणसापुढं पुडी उघडून धरली की ओळख झाली आणि त्यानं चिमूटभर घेतला की मैत्री. निवडणुकीत तर उमेदवार कोण यापेक्षा पुडी कोणाची याची चौकशी जास्त. अशा मुलखात साडूंनी प्रचारात खर्ऱ्याऐवजी फुटाणे वाटले! कार्यकर्ते फुटाणे खाऊन दुसऱ्याच्या मांडवात पुडी खायला जात. तरीही ते दोनदा निवडून आले, कारण माणूस खरा होता आणि कोणाच्याही दुखण्याला धावून जायचा.

त्यांना सगळ्यात जास्त छळलं ते वऱ्हाडातल्या मामांनी. खर्रा सोड म्हटलं की प्रत्येक जण आपल्या एका मामाचा दाखला देतो. हा मामा ऐंशीच्या पुढचा असतो, जन्मभर खर्रा खाल्लेला असतो आणि ठणठणीत असतो. साडूंनी एकदा वैतागून असा एक मामा खरोखरच गाठला. धामणगाव रेल्वे या गावच्या बाजारात कापसाच्या गाठी वाहून म्हातारा झालेला हा गडी. त्याला स्वच्छ धोतर नेसवून त्यांनी गाडीत बसवलं आणि थेट मुंबईला मंत्र्यांच्या दालनात उभं केलं. मंत्र्यांना वाटलं, उपचाराला मदत हवी असेल. त्यांनी कळवळून विचारलं, "काय झालंय बाबांना?"

"काईच नाई झालं! तेच तं दाखवाले आनलं," साडू म्हणाले. "याच्या आळीतले तिघं चाळिशीच्या आत गेले, अन् हा बुवा अजून दातानं सुपारी फोडून राहिला. काहून? तुमाले मालूम नाई, मले मालूम नाई, डॉक्टरलेई मालूम नाई. मंग शोधाले पैसा द्या ना!"

मामानं एवढ्यात आदरानं पुडी उघडून मंत्र्यांपुढं धरली होती. दालनात हसू फुटलं, पण मुद्दा मंत्र्यांच्या डोक्यात बसला असावा. नंतर सभागृहातही साडू याच मामावर बोलले, आणि त्या वर्षी सरकारी खर्चानं दोन गोष्टी मंजूर झाल्या: गावोगाव फिरणारी तपासणीची गाडी, आणि सरकारी मेडिकल कॉलेजात या रोगाच्या शोधासाठी एक प्रयोगशाळा. साडूंनी पेढे वाटले नाहीत. फुटाणे वाटले.

आता माझं सांगतो. मी अकोल्याचा निवृत्त मास्तर. व्यसनांच्या दुष्परिणामांवर मी पोरांकडून किती निबंध लिहून घेतले असतील याची गणती नाही, आणि ते सगळे गालात खर्रा धरून तपासले. साडू आले की मी चूळ भरून मागच्या दारानं निघायचो. पण अमरावतीला राजापेठेत पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, तिथं पंगतीत त्यांनी मला गाठलंच. व्याह्यांच्या देखत म्हणाले, "मास्तर, आ करा." हसण्यावारी न्यावं म्हणून मी तोंड उघडलं. बोटं दोनच गेली. बॅटरीच्या उजेडात त्यांचा चेहरा उतरला.

"हा पांढरा डाग कवापासून हाय?"

मी भडकलो. "मी अकोल्याचा मतदार आहे, तुमचे प्रयोग तुमच्या तालुक्यात करा," असं म्हणून न जेवता निघून आलो. त्यांचे फोन घेणं बंद केलं. तेव्हा त्यांची तिसरी निवडणूक तोंडावर होती, आणि पानठेलेवाले सारे एक होऊन त्यांच्या विरोधात गेले होते. तरी हा माणूस प्रचार टाकून रोज अकोल्याला यायचा, माझ्या ओट्यावर बसायचा. "शिव्या द्या मले, पन चाला." पाचव्या दिवशी बायकोनं माझी पिशवीच भरून ठेवली. आम्ही नागपूरला निघालो ते प्रचाराच्या जीपमधून. भोंगा बंद करायचं ड्रायव्हरच्या लक्षात राहिलं नाही, त्यामुळे ज्यांचं मत या मतदारसंघात नव्हतंच अशा कित्येक गावांनी साडूंना विजयी करण्याचं आवाहन ऐकलं.

तपासणीत कॅन्सर निघाला. नुकताच सुरू झालेला. ऑपरेशनचा दिवस नेमका मतमोजणीचा आला. साडू सकाळपासून माझ्या खाटेपाशी उभे. मी म्हणालो, "तुम्ही जा, तिकडं मोजणी सुरू झाली असेल."

"मी तिथं नसलो तरी मतं तेवढीच निंगतीन," ते म्हणाले आणि त्यांनी फोन बंद करून टाकला.

शुद्धीवर आलो तेव्हा गाल बांधलेला होता. साडू वाकून म्हणाले, "सारं काढलं. डॉक्टर म्हने, येळेवर आले." मी हातानंच विचारलं, तिकडं काय?

"पडलो ना बापा," असं म्हणून त्यांनी माझी चादर सारखी केली. मला रडू आवरेना. त्यांना वाटलं टाके दुखताहेत, म्हणून ते नर्सला बोलवायला धावले.

तपासणीची गाडी अजून फिरते, पण प्रयोगशाळेच्या पैशाचं दरवर्षी नव्यानं ठरतं. मागच्या महिन्यात साडू त्याचा अर्ज घेऊन नव्या आमदारांकडे गेले, मीही सोबत गेलो. अडीच तास ते इतरांबरोबर रांगेत बसले. आत गेल्यावर नवे आमदार गडबडून उठले, खुर्ची देऊ लागले. साडू उभेच राहिले. "मायं नाव कुठंच नका ठेवू, तुमचं लावा," ते म्हणाले, "पन पैसा बंद नका होऊ देऊ."

"पाहतो," नवे आमदार म्हणाले.

परतताना एस.टी.त आम्ही शेजारी बसलो. माझं बोलणं आता जरा बोबडं येतं, तरी इतके दिवस मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं, "तुमच्यामुळं मी आहे." ते खिडकीबाहेर पाहत होते. वाटेतलं एक गाव मागं गेलं, मग दुसरं.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "या दोन्ही गावांत गाडी अजून गेलीच नाई."